होडीला दार

चालत्या मोटारसायकलवरून पडणारी माणसं पुष्कळ असतात. काटेवाले उभ्या मोटारसायकलवरून पडले. तेही भर सकाळी, पोस्टासमोरच्या सिग्नलला, सगळ्या गावाच्या देखत. सिग्नल लाल झाला, त्यांनी शिस्तीत गाडी थांबवली, एक हात मांडीवर ठेवला, ऐटीत इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीसकट डावीकडे आडवे झाले. मागच्या टेम्पोवाल्याने उतरून त्यांना उभं केलं, कपडे झटकले आणि चक्कर आली का म्हणून विचारलं. काटेवाल्यांनी हो म्हणून टाकलं. खरं कारण सांगण्यापेक्षा चक्कर परवडली.

खरं कारण असं होतं, की ते पाय टेकायला विसरले होते.

आता हे ऐकून कोणालाही वाटेल, म्हातारपणी हौस आलेला कोणी नवशिका असणार. तर तसं अजिबात नाही. मिसरूड फुटल्यापासून काटेवाले मोटारसायकल चालवत होते. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. आसपासच्या बाजारांत जायचं, दुकानदारांचे, गोदामांचे, टपालाचे काटे तपासायचे, वाकड्यात गेलेले सरळ करायचे, आणि संध्याकाळी घरी. म्हणजे अर्धं आयुष्य काट्यांपुढे आणि अर्धं सीटवर. पहिली गाडी त्यांनी एका पाववाल्याकडून घेतली होती. तिच्या सीटमधून पावाचा वास कधी गेलाच नाही, त्यामुळे प्रत्येक गल्लीतली कुत्री तिच्यामागे मोठ्या आशेने धावायची. दुसरी फौजेने मोडीत काढलेली. ती इतकी उंच की तिच्यावर चढायला काटेवाले आधी फुटपाथ शोधायचे. तिसरी निळी होती, ती थंडीत बोलायचीच नाही. चौथीचा दिवा खड्ड्यात गेलं की लागायचा आणि खड्ड्यातून बाहेर आलं की विझायचा. प्रत्येकीचं दुखणं वेगळं आणि प्रत्येकीवर त्यांचा जीव सारखाच. गाडी विकायची वेळ आली की त्या दिवशी जेवण जात नसे. नवी आली की मात्र दोन माणसांचं जेवत. बायको म्हणायची, माझ्या माहेरच्या माणसांसाठी कधी इतके हळवे झाला नाहीत.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून गावाला गाव जोडून देणारी. सगळे तिला टेलिफोनबाई म्हणत. एक्स्चेंज पोस्टाच्या वरच्या मजल्यावर आणि पार्सलचा काटा खालच्या. तरुणपणी तो काटा बिघडायचा कमी आणि काटेवाले तपासायला यायचे जास्त. असं बरेच दिवस चाललं. शेवटी पोस्टमास्तरनेच सांगितलं, की काटा ठीक आहे, तुम्ही एकदा वर जाऊन बोलून या. मग काटेवाल्यांनी धीर केला आणि बाईंना नदीपर्यंत फेरी मारायला बोलावलं.

ती फेरी गावात अजून सांगतात. बाईंनी मागच्या पायटेकणीवर पाय ठेवला, तेवढ्यात दुसऱ्या पायातली चप्पल निसटली. ती उचलायला त्या खाली उतरल्या. गाडी हलली म्हणजे बाई बसल्या, असं समजून काटेवाले निघाले. वाटेत त्यांनी सगळं मोकळेपणाने सांगून टाकलं. आपली कमाई, आपल्या आईचा स्वभाव, आपलं घोरणं, काही म्हणता काही लपवलं नाही. पुलावर पोचल्यावर घसा खाकरून विचारलं, माझ्याशी लग्न करशील का. मागून उत्तर नाही. लाजली असेल, म्हणून त्यांनी वेळ दिला. पूल संपला. वळून पाहिलं तर सीटवर कोणी नव्हतं. काटेवाले ज्या वेगाने परत आले तसे ते पुढे जन्मात कधी गेले नाहीत. बाई पोस्टाच्या पायरीवर शेंगा खात बसल्या होत्या. काय काय बोललात, त्यांनी विचारलं. मग तेच सगळं पुन्हा, समोरासमोर सांगावं लागलं, आणि या खेपेला त्याला पाचपट वेळ लागला.

बाई हो म्हणाल्या, पण एका अटीवर.

"मी मागे बसणार नाही. जन्मभर तुमच्या पाठीशी बोलत बसणं मला जमायचं नाही. तुमचं तोंड मला दिसेल आणि माझं तुम्हाला, अशा जागी बसवा."

म्हणजे साइडकार. ती कुठे तयार मिळेना. नदीकाठी होड्या बांधणारा एक सुतार होता, त्याच्याकडे काटेवाले गेले. त्या माणसाने आयुष्यात होडीशिवाय दुसरं काही केलं नव्हतं आणि करायची इच्छाही नव्हती. त्याने होकार दिला आणि होडीच केली. पुढे निमुळतं नाक, दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधे बसायला आडवी फळी, सांध्यांत डांबर, आणि सवयीने दोर बांधायची एक कडीसुद्धा. पाना नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेकॅनिकने तिला खाली लोखंडी सांगाडा दिला, एक चाक दिलं आणि गाडीच्या डाव्या अंगाला जोडून दिली. गाव तिला होडीच म्हणू लागलं, आणि पुढे घरातही तेच नाव पडलं.

होडीत संसार झाला. लेक दवाखान्यातून घरी आली ती होडीतून. पाढे पाठ केले तेही होडीत, वाऱ्याच्या वरताण ओरडून, त्यामुळे ती आजही जवळच्या माणसाशी पलीकडच्या काठावर उभी असल्यासारखी बोलते. बाई एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात थर्मास घेऊन बसायच्या आणि एकीकडे वाहतूक सांभाळायच्या. "डावीकडे मोकळं आहे, जा," हे त्या अशा आवाजात म्हणत की जणू कॉल जोडून दिला. रविवारी दोघं जेवण डब्यात घालून निघत ते दिवेलागणीला परत. एरवी होडीत काट्यांची हत्यारं आणि लोखंडी वजनं असत. रिकामी होडी वळणावर हवेत उचलली जाते, म्हणून बाई बहिणीकडे राहायला गेल्या की काटेवाले त्यांच्या जागी मोजून तेवढंच लोखंड ठेवत. ते किती, हे पानाने खूपदा विचारलं. काटेवाल्यांनी कधी सांगितलं नाही. धंद्यात काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात आणि संसारात तर लागतातच.

गाड्या बदलत गेल्या, होडी तीच राहिली. जुनीची सोडायची, नवीला बांधायची. दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा एक हात.

या सगळ्यात काटेवाल्यांची एक तक्रार मात्र कायम होती. कोणी पोरगा सड्या मोटारसायकलवरून त्यांना मागे टाकून गेला, की ते मोठा उसासा टाकत आणि म्हणत, ही होडी नसती तर दाखवलं असतं. चहाच्या टपरीवर, जावयापुढे, पेट्रोल भरताना, जिथे संधी मिळेल तिथे म्हणत. एकट्याची गाडी हवी होती. वळणावर अशी झुकवली असती. माझ्या नशिबी ही नाव. माणसाला तक्रार करायला एक हक्काची गोष्ट लागते. कोणी सरकार धरतं, कोणी सासुरवाडी, काटेवाल्यांनी होडी धरली होती. त्या तक्रारीत त्यांना किती सुख होतं, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

पण ऐकणाऱ्यांनी ती खरी मानली.

काटेवाल्यांनी धंदा थांबवला त्या महिन्यात लेक आणि जावई आले. दारात लाल रंगाची मोटारसायकल उभी केली. सडी, दोन चाकांची, चकचकीत. जुनी गाडी परस्पर देऊन टाकली होती आणि होडी पानाच्या अंगणात नेऊन ठेवली होती.

"बाबा," लेक गल्लीभर ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमच्या वयाला ही आता शेवटचीच गाडी. निदान ही तरी मनासारखी चालवा."

काटेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना वाटलं, ती काहीतरी बोलेल. ती लगबगीने म्हणाली, "हो हो, बरं झालं. किती वर्षांची इच्छा तुमची. होडीचं काय एवढं."

झालं. ते वाक्य काटेवाल्यांनी मनात धरलं. गेलं वर्षभर रविवार आला की बाईंचं काही ना काही निघत होतं. कधी डोकं दुखे, कधी पडदे धुवायचे असत, कधी कोणी मैत्रीण यायची असे आणि ती येत नसे. त्याचा अर्थ आता त्यांनी लावला. तिला कंटाळा आला आहे. आपल्याबरोबर हिंडून हिंडून ती विटली आहे, आणि लेकीच्या आडून सुटका करून घेते आहे. आता तोंड उघडावं तर कोणत्या तोंडाने? जन्मभर ज्या गोष्टीसाठी गळा काढला ती तर दारात उभी होती. काटेवाले म्हणाले, "वा." आणि गाडीवरून एक चक्कर मारून आले. जाताना ठीक गेले, गल्लीच्या कोपऱ्यावर थांबले तेव्हा भिंत होती म्हणून वाचले.

तीन चाकांची गाडी थांबली की थांबते. तिला आधार लागत नाही. काटेवाल्यांचे पाय इतकी वर्षं पायटेकणीवर आरामात बसून होते. त्यांना उतरायचं असतं हे तरुणपणी शिकवलेलं ते कधीच विसरून गेले होते. वळायचं म्हटलं की काटेवाले हँडल ओढत, आणि गाडी म्हणे, झुका. फाटकातून जाताना ते डावीकडे होडीपुरती जागा सोडत आणि उजव्या खांबाला गुडघा घासून घेत. सगळ्यात वाईट म्हणजे ते सवयीने डावीकडे बोलत. "बघ गं, नवीन दुकान झालं," असं ते एकदा म्हणाले, तर शेजारून चाललेला सायकलवाला "हो, कालच उघडलं," म्हणाला. त्या दिवशी ते लवकर घरी आले.

मग पोस्टासमोरचं पडणं झालं. त्यानंतर रेल्वे फाटकापाशी झालं, त्याला कुत्रं आडवं आलं असं सांगितलं. त्यानंतर पेट्रोल पंपावर, तिथे तेल सांडलं होतं असं सांगितलं. सांगायची खरं तर गरज नव्हती. बाईंच्या एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी गावभर पसरलेल्या होत्या, आणि काटेवाले पडले की उठून घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असे. ते दारात आले की बाई मलमाची डबी घेऊन उभ्या असत. कोपराला मलम लावत, फुंकर घालत, आणि चकार शब्द विचारत नसत. ते न विचारणंच काटेवाल्यांना जास्त लागे.

त्यांनी मनाशी ठरवलं, ही गाडी आपल्याला आलीच पाहिजे. ती नाही आली तर संपलं. जी शेवटची म्हणून दिली आहे तीही चालवता आली नाही, तर उरलेलं आयुष्य खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ओळखण्यात जाणार. धान्यबाजाराला सोमवारी सुट्टी असते. त्याचं आवार मोठं, सपाट, आणि तिथला ट्रक तोलायचा काटा त्यांनीच बसवलेला. पहारेकरी ओळखीचा. सोमवारी सकाळी ते तिथे गेले आणि एकटेच गोल गोल फिरू लागले. फिरायचं, थांबायचं, पाय टेकायचा. ते मोठ्याने "पाय, पाय, पाय" म्हणत होते. तरी तिसऱ्या फेरीला पाय म्हणता म्हणता आडवे झाले. तोंडाने पाय म्हणायचं काम इतकं मन लावून चाललं होतं की पायाकडे लक्षच राहिलं नाही.

उठून बसले तर ट्रकच्या काट्याच्या कट्ट्यावर टेलिफोनबाई बसलेल्या. शेजारी थर्मास. बसने आल्या होत्या.

"चक्कर झाली, कुत्रं झालं, तेल झालं," त्या म्हणाल्या. "आज काय सांगणार होतात?"

काटेवाले उठलेच नाहीत.  बाईंनी त्यांना चहा दिला, तो त्यांनी जमिनीवरच बसून घेतला. मग बाई म्हणाल्या, चला, उठा, पुन्हा करू. त्या कट्ट्यावर उभ्या राहिल्या आणि एक्स्चेंजच्या आवाजात सुरू झाल्या. "ब्रेक. डावा पाय. टेका. ठेवला? आता सोडा." काटेवाले फिरत राहिले, बाई जोडत राहिल्या. थर्मास रिकामा होईपर्यंत पायाला अक्कल आली. वळणाचंही जमलं. एकदा तर काटेवाल्यांनी आवाराच्या कोपऱ्यात गाडी अशी सुरेख झुकवली की पहारेकऱ्याने विडी विझवून टाळ्या वाजवल्या. काटेवाल्यांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं बोलत होते ते हेच, आणि ते खरोखर तितकंच मजेचं होतं. त्यांनी आणखी चार चकरा मारल्या, पोरासारख्या, विनाकारण हॉर्न वाजवत. मग बाईंपुढे येऊन थांबले, पाय टेकला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जमलं की," बाई म्हणाल्या. "मग तोंड का असं?"

"जमलं. पण मी डावीकडे बघतो तर नुसता रस्ता पळतो. अगं, एकट्याने हिंडण्यात मला कवडीची मजा येत नाही. ही गाडी चांगली आहे. पण तू नसलेली गाडी मला नको."

बाई म्हणाल्या, "मग जन्मभर होडीच्या नावाने रडत कशाला होतात?"

"तू नाही माझ्या आईच्या नावाने रडायचीस? म्हणून तिला घराबाहेर काढलं असतं तर चाललं असतं तुला?"

बाईंना हसू फुटलं. सासूबाई गेल्या तेव्हा सगळ्यात जास्त त्याच रडल्या होत्या. पण काटेवाल्यांना हसायचं नव्हतं, त्यांना एकदाचं सगळं बोलून टाकायचं होतं.

"तुला कंटाळा आला ते मला कळलं होतं. म्हणून मी गप्प बसलो. जबरदस्तीने कोणाला हिंडवू नये."

"कंटाळा? मला?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "अहो, माझे गुडघे गेलेत. होडीची भिंत ओलांडता येत नाही मला. मागच्या वेळी तुम्ही पेट्रोलचे पैसे द्यायला गेलात, तेव्हा बरोबर आलेल्या जावयाने मला आतून उचलून काढलं. पोत्यासारखं. तो बिचारा काही बोलला नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं तुम्हाला सांगितलं तर तुम्ही गाडीच सोडून द्याल. त्यापेक्षा तुमची ती सड्या गाडीची इच्छा तरी पुरी होऊ दे."

काटेवाल्यांचे डोळे भरून आले. रागही आला, आनंदही झाला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांनी नुसतंच नाक पुसलं. एक वर्षभर दोघं एकमेकांसाठी एकमेकांपासून लांब बसले होते. एवढी वर्षं शेजारी बसूनसुद्धा माणूस असा आंधळा राहतो, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं.

दुसऱ्याच दिवशी दोघं पानाच्या अंगणात. होडी कोपऱ्यात उलटी ठेवलेली होती, ती सरळ केली. आता बाईंना हिच्यात चढवायचं कसं, यावर मसलत बसली. पाना म्हणाला, बाजूला लोखंडी पायरी लावू. ती लावली तर बाहेरून चढता येईल, पण आत उतरायचं कसं? मग आत दुसरी पायरी, पण मग पाय कुठे ठेवायचे? लेकीला फोन केला. ती फोनशिवायही ऐकू आली असती. ती म्हणाली घडीची शिडी मिळते. जावई मागून म्हणाला, मी आहे ना. त्याला बाईंनी तिथेच गप्प केलं. पाना तर शेवटी कप्पी आणि साखळीवर आला, इंजिन उतरवायला असते तशी. काटेवाले त्या साखळीला किती वजन पेलेल याचा हिशेब करू लागले, तशा बाई उठल्या.

"हिला दार का नाही करत?"

 पानाने काटेवाल्यांकडे पाहिलं, काटेवाल्यांनी पानाकडे. मोटारीला दार असतं. टेम्पोला असतं. कोंबड्यांच्या खुराड्यालाही असतं. पानाने आयुष्यभर गाड्यांची दारं ठोकून सरळ केली होती. पण होडीला? इतक्या वर्षांत बाई हजारदा ती भिंत ओलांडून आत गेल्या, पोटुशी असताना गेल्या, हातात पातेलं घेऊन गेल्या, आणि कोणाच्या डोक्यात दार आलं नाही. कारण ती होडी होती.

"होडीला दार नसतं गं," काटेवाले हळूच म्हणाले.

सुतार अजून नदीकाठी होता. पिकलेला, कानाने कमी झालेला, पण रंधा हातातच. होडी पाहून त्याला बरं वाटलं. सगळीकडून हात फिरवून त्याने बघितलं, एकही सांधा सुटला नव्हता. मग काटेवाल्यांनी काम सांगितलं, आणि म्हाताऱ्याने रंधा खाली ठेवला. होडीच्या भिंतीला भोक? त्याने सपशेल नकार दिला. आपण जन्मात असं पाप केलं नाही आणि आता मरता मरता करणार नाही. पाणी आत शिरेल. काटेवाल्यांनी मान डोलावली. पाणी शिरेल हे त्यांनाही पटलं. पानालाही पटलं. तिघं पुरुष होडीभोवती उभे राहून पाणी नेमकं कुठून शिरेल याचा विचार करू लागले.

"अहो," बाई म्हणाल्या, "ही पाण्यात कधी गेलीय का?"

तिघांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"पण गेली तर?" सुतार म्हणाला.

यावर मात्र बाईंचाही नाइलाज झाला. शेवटी तडजोड निघाली. सुतार दार करून देईल, पण त्यातून पाण्याचा थेंब आत येणार नाही असं करून देईल. त्याने आठवडा लावला. डाव्या भिंतीत इतकं बेमालूम दार बसवलं की बंद असताना फट दिसत नव्हती. कडांना रबर, रबराच्या आत डांबर, आतून पितळी खिटी. नेताना त्याने होडीत चार घागरी पाणी ओतून दाखवलं आणि बाहेर काही गळत नाही याची सगळ्यांकडून कबुली घेतली. मग ते पाणी काढायला सगळ्यांना अर्धा तास लागला. बसायची फळीही त्याने चार बोटं वर घेऊन दिली. पानाने लाल गाडीला नवा सांगाडा जोडला आणि काम संपल्यावर दोन पावलं मागे जाऊन म्हणाला, आता कशी माणसात आली.

रविवारी सकाळी काटेवाल्यांनी गाडी दारात आणली. बाई पायऱ्या उतरून आल्या. खिटी सरकवली, दार उघडलं, एक पाय आत ठेवला, दुसरा ठेवला आणि बसल्या. कोणाचा हात लागला नाही. दार लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली होती, तिच्यासाठी आणखी एकदा उघडून लावलं. काटेवाल्यांना उशीर होत होता, पण ते काही बोलले नाहीत. आयुष्यात इतका छान उशीर त्यांना कधी झाला नव्हता.

गावाबाहेर पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. ऊन कोवळं होतं, दोन्ही बाजूंची शेतं नुकतीच नांगरलेली. काटेवाले डावीकडे बघून बोलत होते आणि डावीकडून उत्तरं येत होती. वर्षभराचं साचलेलं होतं, ते दोघांनी मिळून उपसायला घेतलं. शेजारच्यांची भांडणं झाली, लेकीचा आवाज झाला, त्या सुताराचं पाणी झालं. हसता हसता बाईंची छत्री उलटी झाली. इंजिनाच्या आवाजात काटेवाल्यांना अधलंमधलं ऐकू येत नव्हतं, मग बाई तेच पुन्हा ओरडून सांगत होत्या.

चढ संपून सपाटी लागली तेव्हा बाईंनी घसा चोळला.

"ही फार आवाज करते हो," त्या सहज म्हणाल्या. "पुढची घ्याल ती जरा शांत बघा."

काटेवाल्यांना ते नीट ऐकू आलं. एक शब्दही पुन्हा सांगावा लागला नाही. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला, एका झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. एकदम सगळीकडे शांत झालं. काय झालं म्हणून बाईंनी वर पाहिलं. काटेवाले त्यांच्याकडेच पाहत होते.

"रंग कोणता घेऊ या?" त्यांनी विचारलं.

बाईंनी थोडा विचार केला. "हिरवा," त्या म्हणाल्या. "पण घाई नाही. आधी ही झिजवू."